हुकूम नव्हे, ठराव
(बालवाडी व अंगणवाडी सेविका आणि कार्यकर्ते यांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



राजकीय कार्यकर्त्यांच्या शिबिरात तीन ते सहा वर्षांच्या मुलांविषयी बोलायचे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. महागाई आहे, बेकारी आहे, शेतीचे प्रश्न आहेत. अशा वेळी बालवाडीच्या सतरंजीवर कोणी कोठे बसावे आणि पाणी कोणी आधी प्यावे, याची चर्चा आपण कशासाठी करावी? परंतु मला असे वाटते की, ज्या प्रश्नासाठी आपण चळवळीत आलो तो प्रश्न याच सतरंजीवर प्रथम उभा राहतो. नियम कोणी करावयाचे आणि ते कोणी पाळावयाचे, हाच तो प्रश्न. नियम करणारे मूठभर आणि पाळणारे असंख्य, ही समाजाची घडी आपल्याला मोडायची आहे. मग ती जेथे प्रथम पडते तेथे आपले लक्ष जावयास नको काय?

बहुतेक वर्गांच्या भिंतींवर नियमांचा एक तक्ता असतो. बोलू नका. पळू नका. जागा सोडू नका. भांडू नका. हे नियम ज्यांच्यासाठी लिहिलेले असतात त्यांना अजून वाचता येत नाही, ही त्यातली पहिली गंमत. दुसरी गोष्ट गमतीची नाही. त्या तक्त्यावरचे प्रत्येक वाक्य मुलाला काय करू नये तेवढेच सांगते. काय करावे ती जागा रिकामी ठेवते. ती रिकामी जागा भीतीने भरली जाते. ताईची नजर आहे तोवर नियम आहे. ताई पोषण आहाराच्या नोंदी करण्यासाठी वळली की नियम संपला. हुकुमाचा हा स्वभावच आहे. हुकूम हा हुकूम देणाऱ्याच्या डोळ्यांत राहतो, पाळणाऱ्याच्या मनात उतरत नाही. पुढे हीच मुले मोठी होतात, चौकात पोलीस नाही असे पाहून लाल दिवा ओलांडतात, आणि आपण म्हणतो की या देशातील माणसाला शिस्त नाही. शिस्त नाही असे नव्हे. नियम आपला आहे, असे त्याला कोणी कधी वाटूच दिलेले नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा की, एवढ्याशा मुलांना नियम करण्यातले काय कळते? या आक्षेपाचे उत्तर कोणत्याही गल्लीत संध्याकाळी मिळते. मुले लपंडाव खेळतात तेव्हा राज्य कोणावर, हे कोणी वडीलधारा ठरवीत नाही. हात उताणे-पालथे टाकून ती स्वतःच सुटतात. धाप लागली की ‘टाइम प्लीज’ म्हणण्याची सोय त्यांनी करून ठेवलेली असते, आणि ती सोय सर्वांना सारखी असते. पण या सर्वांहून मला मोठी वाटते ती ‘कच्चा लिंबू’ ही संस्था. सर्वांत लहान भावंडाला खेळात घ्यायचे, पळू द्यायचे, हसू द्यायचे. पण त्याच्यावर राज्य आणायचे नाही. दुर्बलाला खेळाबाहेर ठेवायचे नाही आणि सबळाच्या नियमाने त्याला चिरडायचेही नाही, हा विचार आपल्या संविधानात विशेष तरतुदींच्या रूपाने आला. मराठी मुलांच्या अंगणात तो कोणी न शिकविता नांदतो आहे. ज्यांना कच्चा लिंबू सुचतो त्यांना नियम करण्यातले काहीच कळत नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे?

अर्थात येथे एका शास्त्रीय निरीक्षणाकडे डोळेझाक करून चालणार नाही. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी न्यूशातेल आणि जिनीव्हा येथील मुलांचा गोट्यांचा खेळ पाहून मुलांच्या नैतिक समजुतीवर १९३२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की, लहान मुले नियमाला जवळजवळ पवित्र मानतात. तो थोरांकडून आला आहे व बदलता येणार नाही, असे त्यांना वाटते. आणि तरीही प्रत्यक्ष खेळताना प्रत्येक जण आपल्याच रीतीने खेळत असतो. नियम ही आपापसांतील संमती आहे आणि सर्वांच्या संमतीने तो बदलता येतो, ही जाण पुढे, बरोबरीच्या मुलांशी देवघेव करता करता येते. शिक्षेविषयीही त्यांचे निरीक्षण असेच आहे. लहान मुलांना कडक शिक्षा अधिक न्याय्य वाटते; झालेले नुकसान भरून देण्याचा विचार त्यामानाने उशिरा येतो.

या निरीक्षणातून दोन निष्कर्ष काढता येतात. एक असा की, मुले लहान आहेत, त्यांना हुकूमच समजतो, तेव्हा हुकूमच द्यावा. दुसरा असा की, संमतीची जाण जर बरोबरीच्या देवघेवीतूनच येणार असेल, तर ती देवघेव जितक्या लवकर सुरू होईल तितके बरे. पहिला निष्कर्ष सोयीचा आहे. प्रत्येक साम्राज्याने आपल्या गुलाम प्रजेविषयी तोच काढला होता: हे लोक स्वराज्याला अजून लायक नाहीत! पोहायला आल्यावाचून पाण्यात उतरू द्यायचे नाही, असा हा न्याय आहे. आपण दुसरा निष्कर्ष स्वीकारला पाहिजे.

ही वाट नवी नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू झाले. तेथे गिजुभाई बधेका आणि पुढे त्यांच्या सहकारी झालेल्या ताराबाई मोडक यांनी भीती आणि लालूच या दोन्ही गोष्टी वर्गाबाहेर काढण्याचा प्रयत्न केला. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक पहिल्या दिवशी मुलांना शांत बसविण्याचा खेळ घेऊ पाहतो आणि त्याची पुरती फजिती होते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, आणि जी शांतता हुकुमाने आली नव्हती ती गोष्टीच्या ओढीने आपण होऊन येते. नियमाचा जन्म गरजेतून झाला पाहिजे, आणि ती गरज मुलाची पाहिजे, हे सूत्र या एका प्रसंगात आहे.

ताराबाईंनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्रामीण भागासाठी काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले ठरल्या वेळी ठरल्या जागी येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या पाड्यावरच्या अंगणात नेऊ, असे या बायांनी ठरविले. अंगणवाडी ती हीच. थोरली मुले गुरे राखायला जातात, तर शाळाच कुरणावर नेऊ. त्यातून कुरणशाळा निघाली. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मूल शाळेच्या नियमात बसत नाही, असे दिसताच त्यांनी मुलाला दोषी ठरविले नाही. नियमच बदलावयास घेतला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले आणि ते देशभर पोहोचले. नाव पोहोचले, नावामागची दृष्टी किती पोहोचली, हे आपण सर्व जण जाणतोच.

पोलंडमधील डॉक्टर व शिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांनी तर ही गोष्ट टोकापर्यंत नेली. वॉर्सा शहरात १९१२ साली उघडलेल्या ज्यू मुलांच्या अनाथालयात त्यांनी मुलांचे न्यायालय स्थापले. न्यायाधीश मुलेच, तीही चिठ्ठ्या टाकून निवडलेली. कोणीही कोणावर फिर्याद करावी, मोठ्या माणसावरसुद्धा. त्या न्यायालयाच्या संहितेतील पहिली ९९ कलमे दोषी न ठरविण्याची किंवा क्षमेची होती! कोर्चाक स्वतःही त्या न्यायालयापुढे उभे राहिले. एका मुलाला त्यांनी चापट मारली होती, एका मुलीवर चोरीचा आळ घेतला होता. हे त्यांनी स्वतःच न्यायालयापुढे मांडले. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी त्या अनाथालयातील सुमारे २०० मुलांना ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत नेले, तेव्हा सुटकेची संधी नाकारून ते मुलांबरोबर गेले. मुलांशी केलेला ठराव मोठ्या माणसावरही बंधनकारक असतो, याचा यापेक्षा मोठा दाखला मला ठाऊक नाही.

आता आपल्या सेविका भगिनी म्हणतील की, हे सर्व थोरांचे झाले. आमच्या एका खोलीत तीस मुले, एक मदतनीस आणि दारात चपलांचा ढीग, तेथे काय करावयाचे ते सांगा. हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर व्यवहाराच्या भाषेतच दिले पाहिजे.

पहिल्या पंधरवड्यात तक्ता लावूच नये. भांडणे कोठे होतात ते नुसते पाहावे. ती चार-पाच ठिकाणीच होतात: पाण्याच्या माठापाशी, घसरगुंडीच्या शिडीवर, ठोकळ्यांच्या पेटीभोवती, खिचडीच्या रांगेत आणि घरी जाताना दारात. मग एके दिवशी मुलांना गोलात बसवावे आणि एकच प्रश्न ठेवावा. ‘माठापाशी रोज ढकलाढकली होते, कोणाचे तरी कपडे भिजतात. काय करू या?’ पहिली उत्तरे बहुधा मारण्याची, कोंडण्याची, पाणी न देण्याची येतील. त्याने दचकून जाऊ नये. घरात आणि दारात मुलांनी जो न्याय पाहिला आहे तोच ती बोलून दाखवितात. तेव्हा ताईने एवढेच विचारावे की, तसे केल्याने भिजलेले कपडे वाळतील का? या प्रश्नापाशी मुले थबकतात. मग कोणी तरी म्हणते, एकामागून एक जाऊ. कोणी म्हणते, सांडले तर पुसू. येथे ठराव जन्माला येतो.

तो ठराव करण्याच्या भाषेत मांडावा. न करण्याच्या नव्हे. ‘ढकलू नका’ याऐवजी ‘एकामागून एक पाणी पिऊ’. ‘ओरडू नका’ याऐवजी ‘खोलीत हळू बोलू, अंगणात मोठ्याने’. यात मुलाच्या ओरडण्यालाही जागा मिळाली. कारण ओरडणे हा गुन्हा नाही, प्रश्न जागेचा आहे. ठराव तीन-चारच असावेत. ते मुलांनीच चित्रांत काढावेत आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावेत. आणि ते मुलांच्या भाषेत बोलले जावेत. मेळघाटात कोरकूत, गडचिरोलीत गोंडीत किंवा माडियात, डहाणूत वारलीत. परक्या भाषेतला ठराव कितीही गोड असला, तरी त्या मुलाला तो सरकारी फर्मानासारखाच ऐकू येतो.

ठराव मोडला तर काय? तो मोडणारच; प्रौढांचे ठराव मोडत नाहीत काय? सांडले ते पुसावे, मोडले ते मिळून जोडावे, ज्याला लागले त्याला फुंकर घालावी आणि पाणी आणून द्यावे. कोपऱ्यात उभे केल्याने मूल फक्त कोपरा शिकते. आणि एकच ठराव रोज मोडत असेल, तर दोष मुलांचा नसून ठरावाचा असण्याचा संभव अधिक. पुन्हा गोलात बसावे आणि तो बदलावा. आपण केलेला नियम आपल्याला बदलताही येतो, हे ज्या मुलाने पाचव्या वर्षी अनुभवले ते पंचविसाव्या वर्षी कोणत्याही अन्यायाला नशीब म्हणणार नाही.

या सर्वांत एक अट अशी आहे की, ती पाळली नाही तर बाकीचे सारे व्यर्थ आहे. ताईचाही एक ठराव त्या भिंतीवर असला पाहिजे. ‘ताई हात उगारणार नाही. ताई नावाने हाक मारील.’ आणि तो मोडला तर मुलांना तसे म्हणता आले पाहिजे. नाही तर काय होते ते आपण पाहतोच. ताई आपल्या मनातला तक्ता आधीच तयार ठेवते, मुलांना नेमके प्रश्न विचारून तीच उत्तरे वदवून घेते, आणि खाली सर्वांच्या रंगीत हातांचे ठसे उमटवते. कोऱ्या कागदावर अंगठा घेणारा सावकार आणि ही पद्धत यांत तत्त्वतः फरक काय? जी संमती नाकारता येत नाही ती संमतीच नव्हे. खोट्या ठरावापेक्षा उघड हुकूम परवडला. तो निदान लोकशाहीचे नाव तरी बदनाम करीत नाही.

याउलट सर्वच गोष्टी मुलांच्या मताला टाकावयाच्या, असाही याचा अर्थ नाही. चुलीजवळ जायचे नाही, विहिरीपाशी एकट्याने जायचे नाही. येथे मोठ्यांनी आपला अधिकार वापरलाच पाहिजे, मात्र कारण सांगून. आणि याहून महत्त्वाची एक मर्यादा आहे. समजा, गोलात बसलेल्या मुलांपैकी कोणी म्हणाले की, अमक्या वस्तीच्या मुलाने माठाला हात लावायचा नाही, आणि चार जणांनी माना डोलावल्या. तेथे मत घ्यावयाचे काय? मुळीच नाही. सातारच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपायाने नळ सोडल्यावाचून पाणी मिळत नसे. हा इतिहास स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवला आहे. त्या वर्गात मतदान घेतले असते, तर बहुमत कोणाच्या बाजूने गेले असते ते सांगावयास नको. समता ही ठरावाची विषयपत्रिका नव्हे. ती ठरावाची बैठक आहे. मुली झाडतील आणि मुलगे सतरंजी टाकतील, असे मुलांनी एकमुखाने ठरविले तरी ते ठरत नाही. बहुमत आणि लोकशाही यांतला हा फरक मोठ्यांच्या राजकारणात रोज पायदळी तुडविला जातो. म्हणून तो लहानपणीच रुजविणे अगत्याचे आहे.

कायद्याचेही पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. परंतु हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा आहे. जे सर्वांत लहान, ज्यांना तक्रारही करता येत नाही, ते या कलमाच्या थेट कक्षेबाहेर राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारनाम्याला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली. मुलाशी संबंधित बाबींत त्याचे मत ऐकून घेतले जावे, असे त्याचे १२वे कलम सांगते, आणि तेथे सहा वर्षांची अट नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला. तसे असेल तर छडीपासून मिळणारे संरक्षणही तिसऱ्या वर्षापासूनच सुरू झाले पाहिजे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आता सर्वांत अवघड मुद्दा. सेविकेने मुलांशी ठराव करावा, असे आपण म्हणतो. पण तिच्याशी कोण ठराव करते? ती सरकारी कर्मचारी नाही, ‘मानसेवी’ आहे. तिला पगार नाही, ‘मानधन’ आहे. मुलांची वजने तिने घ्यायची, मोबाईलच्या ॲपवर नोंदी तिने करायच्या, सर्वेक्षण आले की तेही तिनेच करायचे. आणि यातील एकही नियम करताना तिला कोणी गोलात बसवून विचारलेले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका व मदतनीस संपावर गेल्या आणि ५० दिवसांहून अधिक काळ तो संप चालला. त्याच्या मुळाशी पैशाचा प्रश्न होताच. पण आमच्याविषयीचे नियम आम्हाला विचारून करा, हीही हाक त्यात होती. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला होता. वरून हुकूम झेलणारा माणूस खाली हुकूमच सोडतो, हा काही त्याचा दुष्टपणा नसतो. ती व्यवस्थेची उतरंड असते. म्हणून सेविकेच्या संघटनेचा लढा आणि मुलाच्या सन्मानाचा लढा हे दोन लढे नाहीत. जी बाई मोर्चात ‘आम्हाला विचारा’ अशी घोषणा देते, तिने दुसऱ्या दिवशी मुलांना ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले, तर तिची घोषणा पुरी होते.

काही पालक म्हणतात, बाई, दोन ठेवून द्या, पण पोर वळणावर आणा. त्यांना नावे ठेवू नयेत. दिवसभर मुकादमाची बोलणी खाणाऱ्या बापाला असे प्रामाणिकपणे वाटते की, जग कठोर आहे, तेव्हा पोराला आतापासून सवय व्हावी. त्याला उपदेश करून भागणार नाही. त्याला महिन्यातून एकदा त्या गोलात आणून बसवावे आणि आपल्याच मुलाला ‘आता तिची पाळी’ असे म्हणताना ऐकू द्यावे. आणि त्याला हेही सांगावे की, जग कठोर आहे हे खरे. पण मार खाण्याची सवय झालेला मजूर मुकादमापुढे उभा राहत नाही. उभा राहतो तो, ज्याला आपले म्हणणे ऐकले जाण्याची सवय झालेली आहे.

मित्रहो, शेवटी आपल्याकडे वळतो. आपल्या शाखांच्या बैठका कशा होतात? ठराव आधी लिहिलेले असतात, वाचले जातात, हात वर होतात, टाळ्या पडतात. ज्याला शंका आहे त्याच्याकडे आपण घड्याळ दाखवितो. मुलांच्या भिंतीवरील खोट्या ठशांना हसण्यापूर्वी आपण हे आठवावे. लोकशाही समाजवाद हे आपले ध्येय, असे आपण सांगतो. त्यातील पहिला शब्द निवडणुकीच्या दिवशी एकदम सापडत नाही; तो लहानपणापासून अंगवळणी पडावा लागतो.

म्हणून माझी सूचना लहान आहे. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील एका अंगणवाडीशी नाते जोडावे. तेथे भाषण करू नये. माठाला तोटी नसेल तर ती बसवून द्यावी, घसरगुंडीची मोडकी शिडी दुरुस्त करावी. कारण निम्मी भांडणे टंचाईतून होतात, आणि टंचाई ठरावाने मिटत नाही. सेविकेच्या मागण्यांच्या निवेदनावर सही करावी आणि ते घेऊन तिच्याबरोबर प्रकल्प कार्यालयात जावे. मग एक दिवस मुलांच्या गोलात, सतरंजीवर, त्यांच्याच उंचीवर बसावे आणि गप्प राहून ऐकावे. बोलण्याची पाळी मागूनच मिळेल.